न आठवणारा दिवस

पावणेदोन आणि चार वर्षांच्या मुलांना थीम पार्क दाखवण्यात अर्थ काय, असे आम्हाला निघण्यापूर्वी तीनचार सहकाऱ्यांनी विचारले. विचारण्यात उपहास नव्हता, हिशेब होता. धाकटीला काही कळणार नाही, थोरल्याला बऱ्याच पाळण्यांवर बसू देणार नाहीत, आणि मोठेपणी दोघांनाही यातले काही आठवणार नाही. मग तिकिटाचे पैसे, एक रविवार आणि दोन माणसांच्या पाठी कशासाठी खर्ची घालायच्या? प्राध्यापकांच्या खोलीतल्या अशा प्रश्नांना आपण सहसा उत्तर देत नाही; चहा पितो आणि तासाला जातो. परंतु हा प्रश्न वाटतो तेवढा घरगुती नाही. ज्याला पूर्वसंदर्भ ठाऊक नाहीत त्याने संहितेपुढे उभे राहून काय करायचे, आणि जे आठवणारच नाही त्या अनुभवाचे मोल काय, असे दोन प्रश्न त्याच्या पोटात आहेत. साहित्य शिकवणाऱ्यांना हे दोन्ही टाळता येण्यासारखे नाहीत.

आधी 'थीम' या शब्दाकडे पाहू. १९८४ साली दिल्लीत सुरू झालेले आणि २००८ साली बंद झालेले अप्पू घर, किंवा १९८९ साली गोराईला उघडलेले एस्सेल वर्ल्ड, यांचा आधार प्रामुख्याने पाळणा हा होता. पाळणा माणसाला फिरवतो, उडवतो, आपटल्यासारखे करतो आणि सुखरूप खाली ठेवतो. जत्रेतला आकाशपाळणाही तेच करतो. थीम पार्क मात्र त्या उडवण्याला कथानक देते. तुम्ही नुसते वर जात नाही; तुम्ही अंतराळात जाता, गुहेत शिरता, नदीतून डायनोसोरच्या प्रदेशात उतरता. या प्रकाराचा आदर्श मानले जाणारे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे सुरू झाले. त्याची कल्पना कशी सुचली हे वॉल्ट डिस्नेने स्वतः सांगितले आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि तो बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत असे. आईबापांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा असावी, असे त्याला तेथे वाटले. म्हणजे या साऱ्या भव्य उद्योगाच्या मुळाशी बाकावर कंटाळलेला एक बाप आहे. मुलींना त्या घोड्यांवर काही कमी पडत होते, असे त्या हकिकतीत कोठेही नाही.

आम्ही गेलो ते खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाला. खालापूर तालुक्यातले हे पार्क २०१३ साली सुरू झाले. आम्ही पुण्याहून घाट उतरून गेलो. बरोबर आई होती, बाबागाडी होती, आणि दोन दिवसांच्या प्रवासाला पुरेल एवढे सामान होते.

अशा पार्कात लहान मुलाला पहिली भेटते ती उंचीची पट्टी. अमुक रेघेपर्यंत डोके पोहोचले तर आत, नाहीतर बाहेर. तिच्यामागे सुरक्षेचे रोकडे कारण आहे: अंगावर येणारा दांडा आणि पट्टा विशिष्ट देहाच्या मापाने घडवलेला असतो, आणि त्याहून लहान देह त्यातून निसटू शकतो. थोरला एका पट्टीपाशी टाचा उंचावून उभा राहिला. तेथला तरुण कर्मचारी गुडघ्यावर बसला, त्याने दोन्ही टाचा हलक्या हाताने खाली टेकवल्या आणि म्हणाला, "अजून थोडी भाकरी खा, मग ये. पाळणा कुठे जात नाही." नापास करण्याची इतकी सभ्य रीत आम्ही परीक्षा विभागात क्वचितच पाहिली आहे.

पट्टीचा प्रश्न देहाचा होता. कथेचा प्रश्न अलीबाबाच्या गुहेच्या दर्शनी भागापुढे आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून ओळखीचे हसू हसले. आमच्या डोळ्यांपुढे चाळीस चोर, तेलाचे बुधले, मर्जिना हे सारे क्षणात उभे राहिले. थोरल्याने विचारले, "हे घर कुणाचं?" त्याला अलीबाबा माहीतच नव्हता. थीम पार्क ही जात्याच पूर्वसंहितेवर उभी असलेली कलाकृती आहे. ती ओळखीचा आनंद देते. म्हणजेच ज्याच्याकडे ओळख नाही त्याला ती बाहेर ठेवते, आणि तेही पट्टी न दाखवता. प्रथम वर्षाच्या वर्गात हे आम्ही दरवर्षी पाहतो. ज्याच्या घरी वर्तमानपत्राखेरीज छापील कागद आला नाही असा विद्यार्थी पौराणिक संदर्भांनी भरलेल्या कवितेपुढे उभा राहतो, आणि वर्गातले इतर जेथे हसतात तेथे तो गप्प असतो. आपण त्याला 'वाचन कमी' असा शेरा देतो.

तेव्हा तेथेच, सावलीला उभे राहून, आम्ही थोरल्याला गोष्ट सांगितली. तिळाला हाक मारली की दगडाचे दार उघडते, एवढ्यावर त्याचे डोळे मोठे झाले. आता त्याच्यापुरता क्रम उलटा झाला: आधी प्लास्टरची गुहा, मग गोष्ट, पुस्तक आणखी काही वर्षांनी. मूळ आधी आणि प्रतिकृती नंतर, ही आपली शिकवलेली उतरंड येथे मोडते. पण अलीबाबाच्या बाबतीत ती मुळातच मोडलेली आहे. ही कथा 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने ती १७०९ साली आंत्वान गालाँ या भाषांतरकाराला तोंडी सांगितली, आणि १७१७ साली ती प्रथम छापली गेली ती फ्रेंचमध्ये. अनुवाद आधी, मूळ गायब. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या आणि अलीबाबाच्या कुळातल्या कथांना मराठी घरे मिळाली. पॅरिसमध्ये एक परदेशी तरुण दुसऱ्याला गोष्ट सांगतो, आणि खोपोलीजवळ आईबाप चार वर्षांच्या मुलाला तीच सांगतात, यांत आम्हाला गुणात्मक फरक दिसला नाही. कथा माहीत नसणे ही उणीव नसून कथा सांगितली जाण्याची ती पूर्वअट आहे, एवढे त्या सावलीत स्पष्ट झाले. वर्गातल्या त्या गप्प विद्यार्थ्यापुढे शेरा ठेवायचा की गोष्ट, हेही त्यातच आले.

राजासॉरसच्या फलकापाशी थोरल्याने पुन्हा आम्हाला थांबवले. "राजासॉरस म्हणजे राजाचा का?" नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी या भारतीय डायनोसोरला हे नाव दिले: अर्धे संस्कृत, अर्धे ग्रीक. संकरित समासाचा विग्रह चार वर्षांच्या मुलाने न शिकवता केला, याचा भाषेच्या शिक्षकांना झालेला आनंद वाचकांनी समजून घ्यावा.

आणि धाकटी? तिने सबंध दिवसात तीन गोष्टी मनापासून पाहिल्या. रांगेसाठी लावलेला पट्टा, जो ओढला की परत जाई. हात धुण्याचा नळ. आणि कृत्रिम खडकावरून चाललेली मुंग्यांची खरी रांग. बोद्रियारने १९८१ साली डिस्नेलँडविषयी लिहिले की, बाहेरचे जग खरे आहे असे भासावे म्हणून ते काल्पनिक म्हणून उभे केले जाते. आमचे विद्यार्थी यावर उत्तरे लिहितात. पावणेदोन वर्षांच्या मुलीला खऱ्याखोट्याच्या या सीमेशी काहीच कर्तव्य नव्हते. प्लास्टरचा खडक उन्हाने तापला होता, म्हणून तिने तळहात त्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. थीमच्या आधीचे जग तिने त्या थीम पार्कात शोधून काढले होते.

उरला आठवणीचा प्रश्न, आणि तोच अधिक कठीण. फ्रॉइडने १९०५ साली शैशवातील विस्मरणाकडे लक्ष वेधले. नंतरच्या संशोधनातही प्रौढांच्या पहिल्यावहिल्या आठवणी सरासरीने तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासच्या निघतात. म्हणजे धाकटीचा हा दिवस जवळजवळ निश्चित पुसला जाणार, आणि थोरल्याचाही विरत जाणार. दुपारी बाकावर बसून आम्ही हेच बोलत असताना धाकटीला मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली, "तुझं जावळ जेजुरीला काढलं, तेव्हा तू वस्तरा बघून अख्खा गड डोक्यावर घेतलास. हे म्हातारे हसायला लागले तर त्यांच्यावर भंडारा उधळलास मुठीनं. तुला आठवतंय काय त्यातलं?" "नाही." "मग? मला आठवतंय ना."

आम्ही दोघेही गप्प झालो, कारण या 'ना'मध्ये एक संपूर्ण व्यवस्था होती. बारसे, उष्टावण, जावळ, बोरन्हाण: आपल्याकडचे लहान मुलांचे बहुतेक सोहळे स्मृती जागी होण्याच्या आतच उरकले जातात. उत्सवमूर्तीला त्यातले काही आठवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. आठवणे हे त्या वयात मुलाचे काम नसतेच. ते भोवतालच्या माणसांनी त्याच्या वतीने करायचे असते आणि योग्य वेळी त्याच्या स्वाधीन करायचे असते. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी तेथील युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक लहान वयातल्या आढळल्या. अभ्यासकांनी त्याचा संबंध गतकाळाविषयी बोलत राहण्याच्या त्यांच्या मौखिक परंपरेशी जोडला. आईने हा अभ्यास वाचलेला नाही. तिने तो चालवलेला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आत्मचरित्रे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त लेखिकेच्या जन्मापूर्वीच्या हकिकतीही येतात, आणि त्या पुढच्या प्रत्यक्ष आठवणींइतक्याच जिवंत आहेत. स्वतःचे स्मरण असे आपण ज्याला म्हणतो त्याचे पहिले प्रकरण नेहमी ऐकीव असते. आपण प्रत्येक जण प्रथम कुणाच्या तरी गोष्टीतले पात्र असतो, आणि निवेदक नंतर होतो. ज्यांना ही पहिली प्रकरणे सांगायला कुणी उरलेले नसते, त्यांच्या आयुष्याला सुरुवातीची पाने नसतात. फाळणीत, पुरात, नुसत्या दारिद्र्यात अशी पाने हरवलेली माणसे आपल्या भोवती आहेत.

म्हणून त्या दिवसाचे मोल काय, याचे आमच्यापुरते उत्तर असे: ते अजून ठरायचे आहे, आणि ते ठरवण्याचे काम मुलांचे नाही. पार्कात छायाचित्रे निघतात, आणि आम्हीही ती काढली. छायाचित्रात धाकटीची टोपी दिसेल, मागची गुहा दिसेल. तापलेल्या खडकावरचा तळहात मात्र कुणीतरी सांगितल्याखेरीज दिसणार नाही. सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी आहे, कारण ऐकणाऱ्याजवळ पडताळून पाहायला काही नसते. मोठ्या पाळण्यांची नावे घेऊन तो दिवस भव्य करणे सोपे आहे. नळ, पट्टा आणि मुंग्या यांच्यासकट तो जसा होता तसा त्यांच्या हाती देणे अवघड आहे, आणि आईचे वय पाहता जेजुरीच्या गडावरचा तो दिवसही आता आम्ही नीट ऐकून घ्यायला हवा.