सर्वणच्या वाटेवरचा पायलट

गोव्यात येणारा पाहुणा बहुधा समुद्राकडे तोंड करून येतो. साहजिकच अर्धाअधिक गोवा त्याच्या पाठीमागे राहून जातो. डिचोली तालुक्यातील सर्वण हे त्या मागे राहिलेल्या गोव्यातले गाव. कारापूर आणि सर्वण या दोन गावांची मिळून एक ग्रामपंचायत आहे. जवळच डिचोली शहर आहे आणि थोडे पुढे गेले की वाळवंटीच्या काठची साखळी लागते. जांभ्या दगडाचे गडगे, काजूची झाडे, पावसाळ्यात हिरवीगार होणारी शेते असा हा मुलूख आहे. विठ्ठलापूरचे विठ्ठल मंदिर, हरवळ्याचा धबधबा व गुंफा, मयेचा तलाव आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेले नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वर ही सारी याच तालुक्यातील स्थळे. आपल्या वाचकांपैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. त्यांना हा प्रदेश परका वाटण्याचे कारण नाही.

अडचण येते ती बसमधून उतरल्यावर. मोठ्या रस्त्यावर बस मिळते. परंतु तिठ्यापासून वाड्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांचे काय? या प्रश्नाला गोव्याने स्वतःचे असे एक उत्तर शोधून काढले आहे. ते म्हणजे ‘पायलट’. येथे पायलट म्हणजे विमान चालविणारा नव्हे. मोटरसायकलच्या मागच्या आसनावर एका उतारूला बसवून भाड्याने नेणारा तो पायलट. पुढच्या चाकावरचे पिवळे मडगार्ड ही त्याची खूण. डोक्यावर माशांची पाटी घेतलेली बाई, हातात औषधाची बाटली घेतलेले आजोबा, परीक्षेला उशीर झालेला विद्यार्थी या सर्वांना त्याने वेळेवर पोचविले आहे. पुष्कळदा उतारूला पत्ता सांगावाच लागत नाही. ‘अमक्यांचे घर’ एवढे म्हटले की पुरते.

हा व्यवसाय केवळ रूढीने चालत आलेला आहे, असा परगावच्या लोकांचा समज असतो. वस्तुतः त्याच्यामागे रीतसर परवाना आहे. गोवा केंद्रशासित प्रदेश होता तेव्हापासून येथे मोटरसायकल-टॅक्सीला शासनमान्यता आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये कोणतेही वाहन भाड्याने चालवावयाचे झाल्यास त्याची नोंदणी परिवहन वाहन म्हणून व्हावी लागते आणि मालकास परमिट घ्यावे लागते. वाहनाचा विमा आणि ठराविक मुदतीने घ्यावयाचे योग्यता प्रमाणपत्र ही पुढची कागदपत्रे. परिवहन वाहन चालविणाऱ्याचे वय वीस वर्षांहून कमी असता कामा नये. केंद्र शासनाच्या २००४ सालच्या अधिसूचनेतही, मागे एक उतारू बसवून भाड्याने चालविली जाणारी मोटरसायकल परिवहन वाहनांच्या यादीत स्पष्टपणे नोंदविली आहे.

एवढ्या कागदांची गरज काय, असे कोणी विचारील. आमच्या मते त्याचे उत्तर अपघाताच्या दिवशी मिळते. खाजगी वाहनाच्या विम्यात ते भाड्याने वापरू नये अशी अट असते. ती मोडून नेलेल्या उतारूस इजा झाली, तर नुकसानभरपाईच्या वेळी विमा कंपनी त्या अटीवर बोट ठेवते, आणि आधीच संकटात सापडलेल्या कुटुंबाला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पिवळे मडगार्ड हे केवळ रंगकाम नव्हे. या माणसाचे नाव सरकारदरबारी नोंदलेले आहे, त्याच्याकडे जाब मागता येतो, असा त्याचा अर्थ आहे.

आमच्या तालुक्यात परवान्याला आणखी एक अर्थ आहे. येथील कित्येक घरांची चूल खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांवर पेटत असे. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. जमीन नाही, भांडवल नाही, अशा माणसाजवळ उरते ते गाडी चालविण्याचे कसब आणि खिशातला परवाना. म्हणूनच टॅक्सीच्या नियमात एक ओळ बदलली तरी गावोगाव खळबळ उडते. २०१८ साली सुरू झालेल्या ॲपवरील टॅक्सीसेवेला झालेला विरोध, जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावर उड्डाणे सुरू झाल्यानंतर पेडण्यातील चालकांनी स्वतंत्र काउंटरसाठी धरलेला आग्रह आणि २०२५ च्या मे महिन्यातील मसुद्यावरून उठलेले वादळ, या सर्वांच्या मुळाशी पोटाचीच चिंता आहे. उतारूचीही बाजू आहे. भाडे आधी कळावे, मीटरप्रमाणे घ्यावे, ही त्याची अपेक्षा अवाजवी नाही. जो नियम यांपैकी एकाच बाजूचा विचार करील, तो टिकावयाचा नाही.

चारचाकी टॅक्सी चालविणाऱ्यांना अलीकडे एक दिलासा मिळाला आहे. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असणारा मनुष्य साडेसात हजार किलोपर्यंतचे त्याच वर्गातील परिवहन वाहन निराळ्या शेऱ्यावाचून चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तथापि गाडीचे परमिट आवश्यक आहेच, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी विजेवरील बाइक-टॅक्सीला मंजुरी दिली, तेव्हा ही नवलाई म्हणून वृत्तपत्रांत गाजली. आमच्याकडच्या पायलटांनी ती बातमी वाचून गालातल्या गालात हसावे, यात आश्चर्य नाही. पण त्यांचे हसू फार काळ टिकेल असे आम्हांस वाटत नाही. आता घरोघर स्कूटर झाली आहे. थांब्यावर उभे असलेले बहुतेक पायलट केस पिकलेले आहेत. त्यांचे मुलगे या धंद्यात येत नाहीत. ज्यांच्या घरी स्कूटर नाही, किंवा असूनही ती चालविणारे कोणी नाही, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढे कोण नेणार? नव्या ॲपला गाव नकाशावर सापडेल. पण वाडा, घर आणि त्या घरातील आजी सापडेल काय?

आपल्यापैकी कोणी या बाजूला दर्शनाला आले, तर तिठ्यावर पिवळे मडगार्ड पाहूनच बसावे. शिरस्त्राण मागून घ्यावे, कारण ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. भाडे आधी ठरवावे. मोटार केल्यास पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे आहेत ना, हे पाहावे. पांढरी पाटी ही खाजगी गाडीची. डिचोलीची नोंदणी ‘जीए ०४’ या अक्षरांनी सुरू होते. आणि वाटेत चालकाला त्याच्या गावाबद्दल चार शब्द विचारावेत. परवान्याच्या कागदावर न लिहिलेली पुष्कळ माहिती तो आनंदाने देईल.