चारशे रुपये वाचवले, त्याची गोष्ट

आमच्या घरात दोन यंत्रं अशी आहेत, की ती बिघडली की घराचाच तोल जातो. एक मिक्सर आणि दुसरा चिरंजीवांचा कॉम्प्युटर. मिक्सर बिघडला तर शेजारणीचं दार तरी ठोठावता येतं. कॉम्प्युटरचं तसं नाही.

हा कॉम्प्युटर त्याने बारावीनंतर स्वतः लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला. खेळांसाठीच घेतलेला, हे उघड गुपित. पण पुढे त्याच्या इंजिनिअरिंगची चित्रं त्यावर होऊ लागली आणि हळूच मीही शिरकाव केला. भिशीचा हिशेब आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी त्यातच ठेवायला लागले.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या श्रावणापासून त्याला झटके येऊ लागले. खेळ ऐन रंगात आला की पडदा निळा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी, आणि यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू. कधी दिवसातून चारदा, तर कधी आठवडाभर काहीच नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने भरून दीड हजार घेतले. चार दिवसांनी पुन्हा तेच. हे म्हणाले, "रात्र रात्र खेळल्यावर दुसरं काय होणार?" मलाही ते पटलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर माझी ऑर्डरींची फाईल उघडेना. बेचाळीस घरांच्या चकल्या, करंज्या, अनारसे सगळं त्यात! आठवून आठवून फोन केले, तरी दोन घरं राहिलीच. त्यातलं एक म्हणजे पंधरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण पाडव्याला त्यांच्या घरी दुसरीकडचा फराळ दिसला. त्या रात्री मी लेकाला नको नको ते बोलले. तुझ्या खेळापायी माझा धंदा बुडाला, इथपर्यंत. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढे तीन आठवडे "जेवायला वाढ" आणि "येतो" याखेरीज शब्द नाही.

एका पहाटे पाणी प्यायला उठले, तर त्याच्या खोलीत उजेड. म्हटलं, झालं, पुन्हा खेळ! पण पडद्यावर खेळ नव्हता. आकडे सरकत होते आणि मधूनमधून लाल ओळी उमटत होत्या. तो खुर्चीतच झोपलेला. हलवून उठवला, तेव्हा म्हणाला, "आई, मेमरी तपासतोय."

मग त्याने मला समजावलं. 'मेमटेस्ट' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालायचा आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो चालवायचा. तो मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. लिहिलेलं नि वाचलेलं जुळलं नाही, की लाल ओळ. अशी एक ओळसुद्धा चालत नाही. कारण फाईल साठवताना ती त्याच कप्प्यातून गेली, तर बिघडलेलीच साठवली जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. माझ्या अनारशांचं काय झालं असावं, ते तेव्हा उमगलं.

चार पट्ट्या होत्या, आठ-आठ जीबीच्या. तांदळात खडा कुठे आहे ते बघायला आपण मूठमूठ निवडतो, तसं आम्ही केलं. यंत्र बंद, वायर काढलेली, आधी लोखंडी पेटीला हात लावायचा (अंगातल्या विजेने पट्टी जळू शकते) आणि मग एकेक पट्टी काढायची. पांढऱ्या खोडरबराने तिचे सोनेरी दात पुसूनही पाहिले. कॉम्प्युटर घेताना आणलेल्या दोन पट्ट्या रात्रभर स्वच्छ. उरलेल्या दोघींपैकी एक बरी, पण दुसरी लावली की दहा मिनिटांत लाल. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं, म्हणजे वेग ३२०० वरून मूळच्या संथ चालीवर आणला, तरी लाल. म्हणजे वेगाचा दोष नाही, पट्टीच नासकी.

आणि ती पट्टी कोणी आणली होती? मी! २०२४ मध्ये त्याच्या वाढदिवसाला. "आणखी मेमरी हवी" असं तो म्हणत होता, म्हणून मी एकटीच जाऊन घेऊन आले. कंपनी वेगळी, पण आकडा तोच ३२००, म्हटलं चालतंय. दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर चारशे कमी." मी खुशीत आले! बिल नाही म्हणजे वॉरंटीही नाही.

"तुला कधीपासून संशय होता?" मी विचारलं.

"गणपतीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू वाढदिवसाला दिलेल्या ना."

यावर मी काय बोलणार! चहा टाकला.

नवीन घ्यायची ठरली ती जानेवारी २०२६ मध्ये, आणि मुहूर्त बघा कसा! तोवर मेमरीचे भाव सोन्यासारखे चढलेले. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहताहेत, त्यांना मेमरी पोत्याने लागते. बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी तिकडे मोर्चा वळवला. मायक्रॉनने तर घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रूशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. मला पहिल्याच दुकानात दोन वर्षांपूर्वीच्या तिप्पट भाव सांगितला. चिरंजीव लगेच म्हणाले, "राहू दे आई, जुन्या दोघींच्या सोळा जीबीवर भागेल." पण त्याची चित्रं सोळात अडखळतात हे मी पाहिलं होतं. भिशी माझी लागली होती. मी पाकीट सोडलं नाही.

आता खरेदी कशी केली ते सांगते, कारण यावेळी मी तोंड मिटून ऐकत होते. आमचा बोर्ड डीडीआर४ चा. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. एक मोठी पट्टी स्वस्त पडत होती, पण दोन असल्या की प्रोसेसर दोन्ही नळ एकदम सोडल्यासारखा माहिती ओढतो. म्हणून सोळा-सोळाची जोडी, तीही एकाच खोक्यातली, कारखान्यात एकत्र तपासलेली. जुनीत नवी मिसळायची नाही. वेगवेगळ्या विरजणांचं दही, कधी लागतं कधी फाटतं. दुकानदार ३६०० वाली गळ्यात मारत होता. लेकाने कागदावर गणित मांडलं: ३२०० ला सीएल १६ आणि ३६०० ला सीएल १८, दोन्हीकडे पहिलं अक्षर हाती यायला दहा नॅनोसेकंदच. भिशी सांभाळणारीला एवढं कळतं. शिवाय बोर्ड बनवणाऱ्यांच्या यादीत आम्ही घेतलेली जोडी होती. रंगीत दिव्यांची नाकारली, कारण ती उंच असते आणि आमच्या प्रोसेसरच्या पंख्याला अडते. दिवे मला आवडले होते, खोटं कशाला बोलू?

घरी येऊन त्याने प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवल्या. दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबायच्या. चौथीतली मी दाबली. एक्सएमपी चालू करून रात्रभर मेमटेस्ट लावला. हे आधी "पुन्हा तेच?" म्हणाले, आणि नंतर बारा वाजेपर्यंत स्टूल ओढून बघत बसले.

सकाळी साडेपाचला उठले, तर चार फेऱ्या पुऱ्या आणि चुकांच्या जागी शून्य. लेक झोपला होता. त्याच्या अंगावर चादर घातली आणि बिल माझ्या बांगड्यांच्या पावत्यांच्या डबीत ठेवलं. त्या जुन्या गिऱ्हाईक बाईंना संक्रांतीचा तिळगूळ द्यायचा राहिला होता, तो त्याच सकाळी देऊन आले.