झाकणापुरतं डिझाइन

प्रिय मुक्ता,


तुझ्या डब्याची चित्रं मिळाली. सुरेख काढली आहेस. पांढराशुभ्र डबा, कुठे रेघ नाही, कडी नाही, स्क्रू नाही. वर बांबूचं झाकण, तेही नुसतं टेकवलं की चुंबकाने बसणारं. आतून स्टील. खाली बारीक अक्षरात 'मिनिमल आणि सस्टेनेबल'. तुझ्या आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे घासायचं कसं?" तू हसशील म्हणून सांगणार नव्हते, पण प्रश्न मला सोडत नाही.

मी भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर उमेदीची वर्षं काढली, त्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो. तुझ्या डब्याचा छेद मी काढून पाहिला. बाहेर एबीएस प्लास्टिक, आत स्टील, दोन्हींच्या मध्ये चिकटद्रव्य, काठाला सिलिकॉनची रिंग, झाकणाला बांबू, बांबूच्या पोटात चुंबक. डोळ्याला एकच वस्तू दिसते, हातात सहा येतात आणि त्यातली एकही दुसरीपासून सुटत नाही. रिंग सैल झाली की डबा गेला. बांबूला गरम पाण्याने बाक आला की डबा गेला. तू कमी केलंस ते फक्त बाहेरून, आत सगळं तसंच आहे.

तुला शॉप फ्लोअरवरची एक गोष्ट सांगते, ती डिझाइनच्या पुस्तकांत फारशी नसते. गुळगुळीत, चकचकीत पांढरा पीस हा आमच्याकडे सगळ्यात त्रासाचा माल. मशीनच्या बॅरलमध्ये जळून राहिलेला प्लास्टिकचा कण सुटून आला की सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका उमटतो. काळ्या पीसवर तो कोणाला दिसला नसता, पांढऱ्यावर लांबून दिसतो. आतल्या बाजूला जाड रिब, म्हणजे आधाराची पट्टी, असेल तर तिच्यासमोरचा पृष्ठभाग थंड होताना किंचित खचतो. त्याला आम्ही सिंक मार्क म्हणतो. पृष्ठभाग खरबरीत असेल तर तो लपतो, ग्लॉसी असेल तर ट्यूबलाइटखाली लाट दिसते. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन अर्धे मिळतात तिथली रेघ तर येणारच, ती घालवायची तर डायवर जास्त खर्च करायचा, नाहीतर माणूस बसवून घासायची. मग ठिपका, लाट, रेघ म्हणून पीस बाजूला पडतात, ग्राइंडरमध्ये जातात, आणि तो दळलेला माल परत पांढऱ्या ग्लॉसीत बेताबेतानेच घालता येतो. उरलेला काळ्या, स्वस्त मालात जातो. तुझ्या कागदावर जो शांत पांढरा रंग आहे, त्याच्यामागे रिजेक्टची पोती असतात. डायवर थोडं टेक्स्चर दिलंस आणि रेघ जिथे येणार तिथे ती मान्य केलीस, तर त्यातली बरीच पोती वाचतील.

बांबूचं थोडक्यात सांगते, कारण तो आता प्रत्येकाच्या चित्रात असतो. खरा बांबू वापरशील तर वापर. मात्र बाजारात 'बांबूचे' म्हणून मिळणारे कितीतरी कप आणि ताटल्या म्हणजे बांबूची भुकटी मेलामाइनच्या रेझिनमध्ये कालवून साच्यात दाबलेली असते. ते ना कुजतं, ना पुन्हा वितळतं. मक्यापासून केलेल्या पीएलए प्लास्टिकचीही अशीच एक गोम आहे. ते कुजतं हे खरं, पण त्यासाठी ६० अंशांच्या आसपास राखलेला औद्योगिक कंपोस्टचा ढीग लागतो, तुझ्या गच्चीतली कुंडी नाही.

आता स्वयंपाकघरात जा आणि आतल्या झाकणाचा कुकर हातात घे. रोज पाहतेस, म्हणून कधी पाहिला नसशील. भांड्याचं तोंड पूर्ण गोल नसतं, किंचित लांबट असतं, झाकणही तसंच. म्हणून झाकण तिरकं करून तोंडातून आत घालता येतं आणि फिरवून आतल्या बाजूने काठाला लावता येतं. वाफ वाढली की वाफच झाकणाला काठावर दाबते. जितका दाब जास्त तितकं ते घट्ट. आत दाब असताना कोणी उघडायला गेलं तर उघडतच नाही. त्यासाठी वेगळं कुलूप नाही, कसली खिटी नाही. लांबी-रुंदीतल्या थोड्याशा फरकाने हवाबंद करण्याचं आणि सुरक्षेचं, अशी दोन्ही कामं उरकली. दिसायला कुकर काही देखणा नाही, कोणी त्याचं पोस्टर भिंतीला लावत नाही. तरी मला विचारशील तर माझ्या माहितीतलं सगळ्यात मिनिमल डिझाइन हेच.

त्याचा दुसरा गुण पुण्याच्या रविवार पेठेत किंवा बोहरी आळीत कळतो. कुकरचं रबर, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांडा, दांड्याचा स्क्रू, सगळं सुटं मिळतं. नेमका झिजणारा भाग वेगळा ठेवला आहे आणि तो कोणालाही घरी बदलता येतो. लग्नात मिळालेला कुकर नातवाची खिचडी शिजवतो तो अॅल्युमिनियम थोर आहे म्हणून नव्हे, रबर सुटं मिळतं म्हणून.

स्क्रू दिसला की वस्तू गावठी वाटते, असं तू मागे म्हणाली होतीस. थोनेट या फर्निचर बनवणाऱ्यांची १४ नंबरची खुर्ची बघ. १८५९ सालची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. बस्स. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत आणि जहाजाने जगभर जात. बैठक वेताची, फाटली तर पुन्हा विणायची. मुंबईत इराण्याकडे बनमस्का खायला बसतेस त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच कुळातल्या. पुढच्या वेळी वाकून खाली बघ, स्क्रू दिसतील. ते दिसतात म्हणूनच खुर्ची डुगडुगायला लागली की हॉटेलातला पोऱ्या ते आवळू शकतो.

डबा एक दिवस टाकला जाणारच, तेव्हा तो कोणाच्या हाती जाईल हेही बघून ये. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच २००८ मध्ये महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांच्या एखाद्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये परवानगी घेऊन अर्धा दिवस बस. रंगावरून, वाजण्यावरून, वाकवल्यावर पांढरी रेघ उठते का त्यावरून त्या प्लास्टिक ओळखतात. स्टीलचा तांब्या सरळ स्टीलच्या ढिगात जातो आणि त्याचे पैसे होतात. स्टीलला चिकटवलेल्या एबीएसचं काय करतात ते तिथेच विचार. मी सांगण्यापेक्षा त्या चांगलं सांगतील, आणि त्यांची भाषा माझ्याइतकी सौम्य नसेल.

मग डबा करायचाच नाही का? खरं तर मला तेच विचारायचं आहे. आपल्या घरात स्टीलचे डबे किती आहेत ते फळीवर चढून मोज. ते चांगले आहेत, टिकाऊ आहेत, घासता येतात. त्यांची खोड एकच, आमटी गळते. शिवाय एका कारखान्याचं झाकण दुसऱ्याच्या डब्यावर बसत नाही, कारण व्यासात दोन-चार मिलिमीटरचा फरक. म्हणजे कमी आहे ते झाकणाचं, डब्याचं नव्हे. असलेल्या डब्यांवर बसेल, थोडा कमी-जास्त व्यास सांभाळून घेईल, ज्याची रिंग ओढून काढता येईल आणि दहा-वीस रुपयांत नवी मिळेल, असं नुसतं झाकण तू करून दाखव. सिलिकॉन पुन्हा वितळवता येत नाही हे खरं, पण रिंगेत ते किती लागेल? दोन-चार ग्रॅम. त्याच्या जिवावर आधीच तयार झालेलं अख्खं स्टील आणखी वीस वर्षं वापरात राहिलं, तर सौदा वाईट नाही. प्रदर्शनात मांडायला हे फारसं काही नाही, कबूल.

तू लिहिलंस की पदवी नाही म्हणून लोक गंभीरपणे घेत नाहीत. घेत नसतील. मनसुखभाई प्रजापतींनाही बराच काळ घेतलं नव्हतं. कुंभाराचं घर, दहावी नापास, मग चहाची टपरी, मग कौलांच्या कारखान्यात नोकरी. त्या कारखान्यात कौलं दाबणारं मशीन पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं की याच रीतीने मातीची तावडी, म्हणजे रोटी भाजायचा तवा, का दाबू नये. १९८८ मध्ये कर्ज काढून त्यांनी गुजरातेत वांकानेरला ते काम सुरू केलं. जुन्या कारागिरांना ते पटलं नाही, तवे मात्र खपले. पुढे मातीचा वॉटर फिल्टर केला. २६ जानेवारी २००१ चा भूकंप झाला तेव्हा एका गुजराती वर्तमानपत्रात फुटलेल्या माठाचा फोटो छापून आला, त्याखाली गरिबांचा फ्रिज फुटला अशा अर्थाची ओळ. तिथून त्यांच्या डोक्यात माठाऐवजी खरोखरचा फ्रिज घुसला. पुढची काही वर्षं माती, भट्टी आणि मोडतोड. २००५ च्या सुमारास 'मिट्टीकूल' हा मातीचा फ्रिज उभा राहिला.

त्याची रचना सांगते. वरच्या कप्प्यात पाणी भरायचं. ते भिंतींतून हळूहळू झिरपतं, बाहेरच्या अंगाने आटतं, आणि आटताना उष्णता घेऊन जातं. खालच्या कप्प्यांत भाजी, फळं, दूध. पुढे छोटं दार, आणि वरचं पाणी प्यायला नळ. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. एक लिटर पाणी आटलं की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, विजेच्या हिशेबात पाऊण युनिटाहून थोडी कमी. ती सगळी भाजीतून जात नाही, बरीचशी बाहेरच्या हवेतूनच येते, पण तेवढं पुरतं.

ऐकायला सोपं, करायला भयंकर. माती फार सच्छिद्र झाली तर फ्रिज गळतो, कमी झाली तर पाणी आत अडकतं आणि गारवा येत नाही. त्यात माती वाळताना आक्रसते, भाजताना पुन्हा आक्रसते. माठ थोडा वाकडा झाला तर कोणी बोलत नाही, पण फ्रिजला दार आहे आणि दार चौकटीत बसायला हवं. हे कुठल्या वर्गात शिकवतात मला माहीत नाही. त्यांना ते येत होतं कारण त्यांचं बालपण मातीत गेलं होतं. आणि ते एकटेही नव्हते, हे 'स्वतः शिकलेला' म्हणून कौतुक करताना लोक विसरतात. तेव्हा अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक असलेल्या अनिल गुप्ता यांनी खेड्यापाड्यांतल्या कल्पना शोधून त्यांना बळ देण्याचं जे जाळं विणलं, त्याचा हात त्यांना मिळाला. तूही एखाद्या रबर मोल्डिंगवाल्याशी ओळख कर. तुझी चहाची उधारी मी भरेन.

या फ्रिजची मर्यादाही समजून घे, कारण जाहिरातीत ती कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. बर्फ त्यात होणार नाही. आणि हवा दमट असेल तर तो जवळपास थांबतो. ओलं फडकं बांधलेल्या थर्मामीटरचा पारा जिथवर उतरतो, त्याच्या खाली हा फ्रिज जाऊ शकत नाही. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ती सीमा साधारण २२ अंशांवर असते. मुंबईच्या जुलैत ३० अंश आणि ९० टक्के असेल तर ती २८ च्याही वर. म्हणजे रत्नागिरीला पावसाळ्यात हा फ्रिज म्हणजे सुंदर कपाट. मला त्यात वावगं वाटत नाही. एका हवेसाठी, एका मातीतून, तिथल्या भट्टीत झालेली वस्तू आहे ती. पृथ्वीवर सगळीकडे चाललीच पाहिजे असा हट्ट धरला की मग कॉम्प्रेसर लावावा लागतो. तुझं झाकण आधी सदाशिव पेठेतल्या डब्यांवर बसू दे.

वांकानेरला जायचं म्हणत होतीस, तर जरूर जा. अहमदाबादकडून गाडीने जाताना राजकोटच्या आधी लागतं. फक्त पावसाळ्यात जाऊ नकोस, एप्रिलच्या उन्हात जा, तेव्हाच फ्रिज खरा चालताना दिसेल. गारवा किती आहे ते सगळेच हात घालून बघतात, तू आधी बिजागरी बघ. भाजल्यावर आक्रसणाऱ्या मातीच्या चौकटीला त्यांनी दार नेमकं कसं अडकवलं आहे, त्याचं मापासकट चित्र काढ आणि मला पाठव. पेन्सिलीने काढलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी