तिसरी पायरी

आमच्या घरात वायफाय आले ते पडवीच्या खिडकीतून, आणि पुढची तीन वर्षे ते खिडकीपाशीच राहिले. तार घेऊन आलेला मुलगा घाईत होता. "सर, डबा कुठे बसवू?" असे त्याने विचारले तेव्हा मी माझ्या लिहिण्याच्या टेबलाकडे बोट दाखवले. तार तिथूनच आत येत होती, विजेचे बटणही तिथेच होते; आणि खरे सांगायचे तर आमच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी माझ्या खोलीत येते. हे कुणी ठरवलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. छताचा पंखा तसाच आला, चांगली खुर्ची तशीच आली.

वास्तविक या डब्याची गरज घरात सर्वांत कमी कोणाला असेल तर ती मला. मी हायस्कुलात मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्याही शाईच्या पेनाने. शास्त्राशी माझा जो काही संबंध होता तो मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला. (दहावी म्हणायला हवे, परंतु आमचे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत आणि माझ्याही तोंडात तेच बसले आहे.) तेव्हा तो डबा माझ्या टेबलावर हिरवे दिवे लुकलुकवीत बसे, आणि मी त्याच्यावर चष्मा ठेवी.

आमचे घर राजापूर तालुक्यातले, जांभ्या दगडाचे. पुढे पडवी, पडवीला लागून माझी खोली, मग ओटी, माजघर, आणि शेवटी स्वयंपाकघर. भिंती दीड-दीड फूट रुंद. उन्हाळ्यात या भिंतींचे आम्ही कोण कौतुक करतो! पण त्यांच्यापुढे वायफायचे काही चालत नाही. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि भिंती दिवाळीपर्यंत ओल्या राहतात. ओल्या भिंतीत ही लहर आणखीच जिरते. स्वयंपाकघरात रेंज नाही ही गोष्ट म्हणूनच आम्ही, चुलीला धूर असतो तशी, धरून चाललो होतो. 'आम्ही' म्हणजे मी.

एका संध्याकाळी मात्र ती मला जाचली. माजघरातल्या झोपाळ्यावर बसून क्रिकेटचा सामना पाहावा असे मनात आले, आणि गोलंदाज धावत आला तो मधल्या मध्ये थिजला. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. फलंदाज बाद झाल्याचे मला शेजारच्या घरातल्या ओरडण्यावरून कळले. माझ्या संशोधनाला इथून आरंभ झाला. त्यामागे याहून थोर हेतू नव्हता.

पहिला उपाय अर्थातच पैशाचा. शंभरच्या वेगाची योजना होती ती तीनशेची करून घेतली. माझ्या खोलीत वेग तिप्पट झाला, माजघरात वर्तुळ पूर्वीसारखेच फिरत राहिले. नळाला पाणी जोरात आले म्हणून परसातल्या शेवटच्या माडापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे मला कळायला दोन महिन्यांचे बिल भरावे लागले. दुसरा उपाय म्हणून तालुक्याहून एक रिपीटर आणला. हे यंत्र आलेली रेंज पकडून पुढे फेकते. मी ते स्वयंपाकघरात लावले, म्हणजे जिथे पकडायलाच काही नव्हते तिथे! शिवाय असले साधे यंत्र एकाच लहरीवर घेते आणि देते, त्यामुळे निम्मा वेग त्या देवघेवीतच खर्ची पडतो. आता पडद्यावर रेंजच्या रेघा भरपूर दिसत आणि चालत मात्र काहीच नसे.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. चित्रकलेत तो जेमतेम होता, पण हल्ली विजेच्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. त्याने माझ्या मोबाईलवर रेंज मोजण्याचे साधन उतरवून दिले आणि म्हणाला, "सर, आधी घराचा नकाशा काढा. तुम्ही आम्हाला काढायला लावायचात ना, तसा."

हा आकडा उणे असतो. उणे पन्नास म्हणजे उत्तम. उणे सत्तरपर्यंत काम भागते. ऐंशीच्या पलीकडे नुसती आशा. यातली गंमत अशी की दर दहा अंकांना शक्ती एकदशांश होते. माझ्या टेबलाशी उणे ४५ होते आणि माजघराच्या मध्यावर उणे ७५. म्हणजे दोन दारे ओलांडून माजघरात पोहोचेपर्यंत हजारातला एक हिस्सा उरत होता. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. लहर भिंत ओलांडते यात शंका नाही, पण घंटेला एक धक्का पुरतो. तासभराचे बोलणे ओलांडून न्यायचे तर गोष्ट वेगळी.

मी कागदावर घराचा आराखडा काढला आणि जलरंगात रेंज भरू लागलो. खोलीत गडद निळा, ओटीवर फिकट, माजघरात पाणीच जास्त, स्वयंपाकघर पांढरे. भिंतींखेरीज वाटेत काय काय आडवे येते तेही दिसू लागले. लोखंडी कपाटामागे निळ्यात एक पांढरी पट्टी पडली. ओटीवरच्या मोठ्या आरशामागे तसेच. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो आणि लहर त्याच्यावरून परतते. डब्याच्या शेजारी मी पितळी फुलदाणी ठेवली होती, तिची हकिकत सांगत नाही.

असा मोबाईल हातात धरून मी माळ्याच्या जिन्यापाशी आलो. पहिल्या पायरीवर उणे ७६. दुसरीवर ७४. तिसरीवर एकदम ६४! मी खाली उतरलो, पुन्हा चढलो. तोच आकडा. वर पाहिले तेव्हा उलगडा झाला: ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दारावर झरोका आहे, आणि बरोबर त्या पायरीवरून झरोक्यातून माझ्या खोलीच्या दाराची वरची चौकट दिसते. लहर भिंत टाळून वरून येत होती. आराखड्यावर त्या पायरीला गडद ठिपका द्यावा म्हणून मी वाकलो, तर पायरीवर गोधडीची चौपदरी घडी होती. शेजारी पेन्सिलीचा तुकडा. भिंतीच्या चुन्यावर, बसल्यावर हात जाईल इतक्या उंचीवर, पेन्सिलीने ओढलेली एक बारीक आडवी रेघ.

मोबाईल त्या रेघेवर धरला. उणे ६१.

ही बारावी होऊन आमच्या घरी आली आणि शिक्षण तिथेच थांबले. दोन वर्षांपूर्वी तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी. ए. ला नाव घातले. तिचे वर्ग रविवारी सकाळी मोबाईलवर असतात, हे मला माहीत होते. ती त्या वेळी जिन्यात बसते, हेही मी पाहिले होते. एकदा विचारलेही होते, तेव्हा "इथे वारा लागतो" असे ती म्हणाली आणि मला ते पटले होते.

त्या रात्री मी रेघेविषयी विचारले. ती भांडी पुसत होती.

"हो. त्याच्या खाली धरला की आवाज तुटतो. मागे सरांनी मला प्रश्न विचारला होता. तीनदा उत्तर दिलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी दुसरीला विचारलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमची कादंबरी चालली होती ना."

त्या कादंबरीत स्त्रीच्या घुसमटीवर पंचवीस पाने आहेत. ती मी डब्याच्या हिरव्या उजेडात लिहिली.

पुढचे काम दोन दिवसांत झाले. मूळ तार काचेची, ती फार वाकवता येत नाही. म्हणून कंपनीचा डबा जागीच ठेवला आणि त्याच्यापासून नेटवर्कची साधी केबल वाशांवरून, भिंतीच्या माथ्यावरून माजघरात नेली. भिंतीला भोकसुद्धा पाडावे लागले नाही. ही केबल शंभर मीटरपर्यंत वेग सोडत नाही. आम्हाला अठरा पुरली. तिच्या टोकाला दुसरा राउटर. दोन्ही डब्यांना नाव एकच दिले, म्हणजे मोबाईल चालता चालता जवळचा डबा धरतो. पण चॅनेल वेगळे, एकाचे १ आणि दुसऱ्याचे ११, नाहीतर दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीला लवकर हार जाणारी, ती माजघरापुरती. अडीचच्या आतली सावकाश जाते पण चिवट, ती स्वयंपाकघरासाठी. दांडे सरळ उभे ठेवले, कारण लहर दांड्याच्या टोकातून नव्हे, अंगाभोवती चहूकडे पसरते.

राउटर ठेवायला उंच जागा हवी होती. आईने माजघरातला मधला कोनाडा दाखवला. "तिथे रेडिओ होता," ती म्हणाली. आजोबांनी तो घेतला तेव्हा परवाना पोस्टातून काढावा लागे, आणि तांब्याच्या जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. "ओटीवर का नाही ठेवला?" मी विचारले. "मग आम्हाला आत कसा ऐकू आला असता?" आई म्हणाली, आणि कोनाडा पुसायला लागली.

आता स्वयंपाकघरात उणे ५८ आहे. रिपीटर कपाटात गेला. सामना झोपाळ्यावर दिसतो.

पण रविवार आला आणि नवीनच अडचण निघाली. रेंज सगळीकडे झाल्यामुळे सगळेच माजघरात येऊन बसले. आई बडोद्याच्या मावशीशी मोठ्याने बोलत होती, मुलगा कसलासा खेळ खेळत होता. ही वही घेऊन जिन्याकडे गेली, तिथून परत आली, आणि दारात उभी राहून मला म्हणाली, "अहो, मला तासभर दार लागेल अशी जागा हवी."

असे दार माझ्याच खोलीला आहे. तिने आतून कडी लावली. थोड्या वेळाने तिचा आवाज ऐकू आला. शाळेत मुले उत्तर देतात तसा, जरा चढा. शब्द कळत नव्हते. मी कागद घेऊन ओटीवर बसलो होतो.

आई बाहेर आली. "इथे काय करतोस रे?"

"इथे वारा लागतो," मी म्हणालो.