कडी आतून हवी!

घर बांधताना दाराचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो. खोल्या किती, ओटा कुठे, देवघर कोणत्या भिंतीला, यावर महिनोन्महिने चर्चा होते. दाराच्या वाट्याला येतो तो एकच प्रश्न, 'सागवानी परवडेल का?' पण हेच घर चार चाकांवर उभे करायचे म्हटले, की सगळा क्रम उलटा होतो. आधी दार ठरते आणि मग त्याच्या बेताने घर.

इंदूरच्या एका मराठी कुटुंबाने हा अनुभव घेतला. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंची शाळेतली नोकरी नुकतीच संपलेली. मुलगी बंगळूरला, नातवंडे तिच्याकडेच. घरात काकांच्या ८२ वर्षांच्या आई. आजींना मागे ठेवून कुठे जाववत नाही आणि हॉटेलच्या खोलीत आजींचा डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा अंथरूण-पांघरुणासकट घरच बरोबर न्यावे, असे काकांच्या मनाने घेतले. एक बंद मालवाहू व्हॅन घ्यायची, तिच्यात पलंग, ओटा, न्हाणीघर बसवायचे आणि निघायचे!

काकूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, तिला आतून कडी असते का?"

काका हसले. इंजिन, बॅटरी, पाण्याची टाकी असे मोठमोठे प्रश्न समोर असताना ही कडीचे काय घेऊन बसली, असे त्यांना वाटले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांना कळले, की खरा प्रश्न तोच होता.

पत्रा कापण्याआधी

काकांनी वहीत गाडीचा नकाशा काढला होता. ड्रायव्हरच्या मागे, उजव्या अंगाला एक जादा दार त्यांनी मोठ्या हौसेने दाखवले होते. पण गाड्यांचे काम करणाऱ्या कारखान्यातल्या माणसाने तो नकाशा पाहिला आणि त्या दारावर सरळ फुली मारली. बंद गाडीचा पत्रा म्हणजे नुसते झाकण नसते. उभ्या-आडव्या पट्ट्यांसह तो गाडीचा ताण पेलत असतो. मनाला येईल तिथे भगदाड पाडले, तर खड्ड्यातून जाताना सगळा सांगाडा कुरकुरू लागतो.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे बजावले. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि नोंदणीच्या यादीत 'कॅम्पर व्हॅन' असा वेगळा वर्गही आहे. म्हणून शहाण्या माणसाने आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी, काय चालेल ते लेखी घ्यावे, मान्यता असलेल्या कारखान्याकडून काम करून घ्यावे आणि मगच करवतीला हात लावू द्यावा. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली, त्यामुळे हा शब्द सरकारी टेबलांवर आता अगदीच परका राहिलेला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की बाहेरचे दार नंतर 'करून घ्यायचे' नसते. ते गाडी निवडतानाच निवडायचे असते. काका नकाशा गुंडाळून गाड्या बघायला निघाले. काकूही निघाल्या. आणि नंतर विशेष आग्रहाने आजींनाही नेण्यात आले.

सरकते की बिजागरीचे?

सरकत्या दाराची ओळख आपल्याकडच्या मध्यमवर्गाला मारुतीच्या व्हॅनने करून दिली. १९८४ मध्ये आलेली ही गाडी पुढे ओम्नी म्हणून घराघरात पोचली आणि २०१९ मध्ये बंद झाली. शाळेची मुले भराभर आत कोंबायला ते दार फार सोयीचे होते. परदेशात फिरत्या घरांचे वेड ज्या फोक्सवॅगन व्हॅनमुळे वाढले, तिच्यात पलंग-कपाटे बसवण्याचे काम वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ मध्येच सुरू केले होते. त्या पहिल्या गाड्यांना कपाटासारखी, बाहेर उघडणारी दोन दारे असत. १९६७ च्या नव्या पिढीत सरकते दार आले आणि मग तेच रूढ झाले.

सरकत्या दाराचे गुण उघड आहेत. बाजूला भिंत असो की दुसरी गाडी, ते उघडायला जागा लागत नाही. पूर्ण सरकवले की घराला व्हरांडा मिळाल्यासारखे वाटते. पण दोषही आहेत. त्याच्या रुळात धूळ बसते. खालचे चाक झिजले की दार लोंबू लागते. उतारावर उभ्या गाडीत अडकवणी सैल असेल, तर ते आपोआप घरंगळत येते आणि मधे कोणाचा हात असेल तर पंचाईत. शिवाय रात्री दोनला एकजण उठला, की त्या घरघराटाने आसपासचे सगळेच उठतात.

परदेशी पुस्तकातले नकाशे उतरवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपात बहुतेक ठिकाणी वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या गाडीचे दार उजवीकडे असते. आपल्याला फुटपाथच्या बाजूने, म्हणजे डावीकडून उतरायचे. त्यामुळे अख्खा नकाशा आरशात पाहावा तसा उलटा करावा लागतो. नाहीतर ओटा नेमका दाराच्या तोंडाशी येतो!

मागच्या दाराचा प्रश्न वेगळा. एकसंध वर उचलले जाणारे दार पावसात छपराचे काम करते. त्याच्याखाली उभे राहून चहा करता येतो. पण ते जड असते आणि त्याला उचलून धरणारे गॅसचे दांडे काही वर्षांनी दमतात. दोन पाखांची दारे असतील, तर एकच पाखे उघडून काम भागते. मात्र वाऱ्यात ती धाडकन आपटतात, म्हणून त्यांना अडकवायला आकडा हवाच.

काका-काकूंनी इंदूरजवळच्या पीथमपूरला तयार होणाऱ्या ट्रॅव्हलर जातीची, वापरलेली पण धडधाकट गाडी पसंत केली. डावीकडे सरकते दार, मागे दोन पाखे. पसंतीची परीक्षा काकूंची होती. त्यांनी दार वीस वेळा उघडले आणि लावले. फ्रीजचे रबर तपासतात तशी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. जिथे ती अलगद निसटली, तिथे खडूने खूण केली. मग पाइपने बाहेरून पाणी मारायला लावून स्वतः टॉर्च घेऊन आत बसल्या. दोन ठिकाणी ओल दिसली. नव्या रबराचे पैसे गाडीच्या किमतीतून कापून घेतले, हे सांगायला नकोच.

आजींची परीक्षा एका मिनिटात उरकली. त्या दारापाशी उभ्या राहिल्या, वर पाहिले आणि म्हणाल्या, "हे काय, मला उचलून ठेवणार का?"

गाडीची जमीन रस्त्यापासून सुमारे दोन फूट उंच होती. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. दुखऱ्या गुडघ्यांना आठ इंच म्हणजे शिकस्तच. चोवीस इंच चढायचे, तर मधे निदान दोन पायऱ्या हव्यात. तेव्हा ओढून बाहेर काढायची दोन पायऱ्यांची लोखंडी घडवंची बसली आणि दाराच्या चौकटीला आतून पकडायला स्टीलचा दांडा. पायऱ्या आत घ्यायला विसरून गाडी सुरू केली तर अनर्थ, म्हणून काकूंनी युक्ती केली. मुक्कामी पोचले की गाडीची किल्ली त्या पायरीच्याच खुंटीला अडकवायची. पायरीकडे गेल्याशिवाय किल्लीच मिळत नाही!

माल कडी उघडत नाही

गाडी घरी आली आणि काकूंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मागच्या दारांना आतून मूठच नव्हती. अनेक मालवाहू गाड्यांत ती नसते. का असावी? बटाट्याचे पोते काही आतून कडी उघडत नाही. मालाच्या गाडीचे दार बाहेरून लावायचे आणि बाहेरूनच उघडायचे असते. घराचे दार आतून लागते. गाडीचे घर होते ते इथे.

प्रश्न नुसत्या सोयीचाही नाही. जिथे स्वयंपाक होतो आणि माणसे झोपतात, तिथून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. एसटीत बसल्यावर संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे, हे आपण डोळ्यांनी टिपतोच. काकांच्या नकाशात पलंग मागच्या दारांना चिकटून होता. तो बदलला. पलंगाचा अर्धा भाग उचलता येईल असा केला आणि मागच्या दाराला आतून अंधारातही हाताला लागेल अशी मूठ बसली. सरकत्या दाराला आतून उघडण्याची सोय आहे ना, तेही पाहून घेतले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरचे कपाट मागच्या दाराशी, फक्त बाहेरच्या बाजूने उघडणारे, आतून हवाबंद आणि तळाशी झरोका असलेले केले.

उन्हासाठी दारांच्या पोकळीत अस्तर भरायचे ठरले, तेव्हा कारखान्यातल्या जुन्या कारागिराने काकांना गुडघ्यावर बसवून दाराच्या खालच्या कडेची बारीक भोके दाखवली. खिडकीच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. ते या भोकांवाटे निघून जाते. अस्तर ठासून ही भोके बुजवली, तर दार आतल्या आत गंजते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. एवढी गोष्ट पाळली तरी गाडीचे पावसाळे वाढतील.

एक दार, दोन खोल्या

आतल्या कपाटांची दारे मिस्त्रीने घरच्यासारखी करायला घेतली. सनमायका लावलेला जाड प्लाय आणि मॅग्नेट. काकूंनी नमुन्याचे एक कपाट मागितले, त्यात स्टीलचे डबे भरले आणि गाडी कॉलनीतल्या गतिरोधकांवरून फिरवायला लावली. तिसऱ्या गतिरोधकाला मॅग्नेट सुटला आणि रवा सगळीकडे! मग दाबून बंद होणारी, बटण दाबल्याशिवाय न उघडणारी कुलपे आली. वजनही घटवले. बारा मिलिमीटरच्या प्लायचा एक चौरस मीटर सात-आठ किलो भरतो. अशी दहा-बारा दारे म्हणजे आणखी एक प्रवासीच! म्हणून हलकी चौकट आणि दोन्ही अंगांना पातळ प्लाय, असे दार केले. दोन्ही मोठ्या दारांना मधोमध चुंबकाने मिटणारी मच्छरदाणी लागली. इंदूरच्या संध्याकाळी तिच्यावाचून दार उघडे ठेवता येत नाही.

राहता राहिले न्हाणीघर. अडीच बाय तीन फुटांची जागा, त्यात बंद पेटीचा संडास. काकांचे म्हणणे, दार कशाला, पडदा पुरे. दाराला पंधरा इंच जागा जाते. आपण घरचीच तर माणसे.

काकू पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर आपण इंदूरहून पुण्याला एसटीने गेलो, आठवतं?"

"आठवतं की. धुळ्याला वडे खाल्ले होते."

"तुम्ही खाल्लेत. मी आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता."

काकांना हे ठाऊक नव्हते. पुण्याच्या त्या प्रवासानंतर लग्नकार्ये झाली, बदल्या झाल्या, अष्टविनायक झाले, मुलीला पोचवायला जाणे झाले. दर वेळी काकू प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नसत. डोके दुखे, ते 'गाडी लागते' या नावाखाली खपून जाई. काका पाण्याची बाटली पुढे करत आणि त्या 'नको' म्हणत. इतकी वर्षे त्यांना वाटत होते, हिला तहानच कमी लागते.

पडद्याचा विषय तिथेच संपला.

पीव्हीसीचे घडीचे दार पाहिले, पण त्याला बोट लावले तरी ते हलते. सरकते दार पाहिले, पण ते सरकायला भिंत मोकळी हवी. शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. दार साधेच, बिजागरीचे, पण पूर्ण काटकोनात उघडले की त्याची कड समोरच्या कपाटाला जाऊन भिडेल आणि मधली वाटच बंद होईल. म्हणजे दार लावले तर न्हाणीघर बंद, उघडले तर मागे कपडे बदलायची स्वतंत्र खोली तयार. पंधरा इंच गेले, पण खोली मिळाली. दोन्ही बाजूंना आतून लागणारी पितळी कडी काकूंनी स्वतः बाजारातून निवडून आणली.

अशी गाडी कोणी करायला घेतली, तर बॅटरीचे आणि टाकीचे हिशेब सांगणारे पुष्कळ भेटतील. ते हिशेब करावेतच. पण त्याआधी घरातल्या प्रत्येकाला दारापाशी उभे करावे आणि विचारावे, तुला चढता येते का, अंधारात उघडता येते का, आणि हवे तेव्हा आतून लावता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बायकांकडून ऐकावे.

पहिला प्रवास नाशिकचा ठरला, आजींच्या माहेरी. सेंधवा मागे पडले आणि बिजासनचा घाट लागला. आजी पलंगावर स्वस्थ घोरत होत्या. काकूंनी बाटलीचे झाकण उघडले आणि एका दमात ती निम्मी रिकामी केली. काकांनी ते समोरच्या आरशात पाहिले आणि काहीच न बोलता गाडी जरा हळू घेतली.