फिल्टरमधला चेहरा हा आजार आहे का?

"डॉक्टर, मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचेच मुलीच्या रूपातले फोटो सापडले. काही आजार तर नाही ना?" असे कुणी काळजीने विचारले, की मी आधी त्यांना बसायला सांगतो. उत्तर सोपे आहे: नाही, हा आजार नाही.

2019 मध्ये स्नॅपचॅटवर पुरुषाचा चेहरा स्त्रीसारखा आणि स्त्रीचा पुरुषासारखा दाखवणारा फिल्टर आला. बहुतेकांनी हसून सोडून दिले. पण एखाद्याला तो फोटो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, 'हाच मी' असे वाटून जाते. फिल्टर जबडा निमुळता करतो, केस लांब करतो. तुमच्या मनातले त्याला काही कळत नाही. म्हणून फोटोवरून निदान होत नाही. तो पाहून तुम्हाला काय वाटले, हे मात्र मोलाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-11) जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि मनाला जाणवणारी लिंगओळख यांतली विसंगती मानसिक विकारांमध्ये धरलेली नाही. त्रास होतो तो बहुधा लपवण्याचा, टोमण्यांचा आणि एकटेपणाचा.

पालकांनो, मोबाइल हिसकावू नका; शांतपणे ऐकून घ्या. आणि तुम्ही स्वतः या विचारात असाल, तर दुकानातून हार्मोनच्या गोळ्या आणून परस्पर सुरू करू नका. त्यांनी रक्तात गुठळी होऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. मन फार खचले असेल, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.