मावशीची वही

सातारा व सांगली हीं दोन्ही गांवें कृष्णामाईचीं. सुट्टी लागली कीं आम्ही साताऱ्याहून सांगलीस मावशीकडे जातों. तेथील आमचा मावसभाऊ आम्हांहून चार वर्षांनीं लहान. त्याच्या डोळ्यांतील पांढरा भाग निळसर, बुद्धि तल्लख. परंतु हाडें काचेप्रमाणें ठिसूळ. एकदां आम्हीं त्यास कौतुकानें पाठुंगळीस घेतलें. उतरतांना त्याचा पाय किंचित् मुरगळला आणि मांडीचें हाड मोडलें. त्या रात्रीं आमच्यानें जेववलें नाहीं.

या विकारास 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' म्हणतात. सुमारें पंधरा-वीस हजार बालकांत एखादेंच असें जन्मतें. हाडांस चिवटपणा देणारें कोलॅजन नांवाचें प्रथिन ज्या जनुकांमुळें बनतें, त्यांतच बहुधा दोष असतो. यांत आईची हयगय नसते. तरीही कित्येक जण मावशीसच बोल लावीत.

हाड सदैव झिजत व नव्यानें घडत असतें. ही झीज मंद करणारें पामिड्रोनेट हें औषध कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथील डॉ. ग्लोरिओ व त्यांचे सहकारी यांनीं ३ ते १६ वर्षांच्या ३० मुलांस देऊन पाहिलें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार मुलांच्या हाडांची घनता वाढली, अस्थिभंग घटले, वेदनाही उणावल्या. त्याच वर्गांतील औषध आमच्या भावास शिरेवाटें मिळूं लागलें, तेव्हां मावशीनें नोंदीसाठीं एक वही केली. आदल्या वर्षीं चार अस्थिभंग, औषधानंतरच्या वर्षीं एक! आम्ही आनंदानें नाचूं लागलों.

डॉक्टर मात्र म्हणाले, "वही चालूं ठेवा. पण मूल मोठें होऊं लागलें, कीं हाडें मोडणें पुष्कळदां आपोआपही कमी होतें. औषधाचा गुण किती व वयाचा किती, हें एका वहीवरून कसें ठरावें?"

तें ठरविण्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें मुलांचे दोन गट करितात. एकास खरी गोळी, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणास कोणती मिळाली, हें मुलांस ठाऊक नसतें व डॉक्टरांसही नसतें. अशा कसोटींत २०११ सालीं ॲलेंड्रोनेटनें हाडांची घनता वाढलेली दिसली, पण अस्थिभंग लक्षणीय घटले नाहींत. २०१३ सालीं रायसेड्रोनेटच्या कसोटींत मात्र ते घटले. म्हणजे यंत्रास घट्ट दिसणारें हाड पडल्यावर मोडणार नाहीं, असें नव्हे.

हें ऐकून आमचा भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, ज्यांना खोटी गोळी मिळाली, त्यांचींही हाडें मोडलीं असतील ना? मग आपल्याला जें कळलें, त्यांत त्यांचाही वांटा आहे."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलांचा विचार आमच्या मनांत आलाच नव्हता.

मावशीची वही अद्याप चालूं आहे. यंदाच्या पानावर एकही अस्थिभंग नाहीं. त्याचें श्रेय औषधास कीं वयास, हें आम्ही आतां छातीठोकपणें सांगत नाहीं. पान कोरें आहे, एवढ्यावरच मावशी रोज संध्याकाळीं देवापुढें साखर ठेवते.